वडाखाली उभी राहिलेली जावयाची गाडी: पक्ष्यांची विष्ठा काढण्याचं एक प्रकरण

तालुक्याच्या गावी माझं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं सेंटर आहे. हे प्रकरण 2018 च्या अधिक ज्येष्ठातलं, म्हणजे ऐन मे-जूनच्या उन्हातलं. कुटुंबाची परवानगी घेऊनच लिहितो आहे; नावं, गाव आणि गाडीची कंपनी मुद्दाम दिलेली नाही. पक्ष्यांनी शिटलेल्या गाड्या माझ्याकडे बाराही महिने येतात. तरी हीच सविस्तर लिहावीशी वाटली, कारण इथे प्रत्येक टप्प्यावर घरातल्या कुणी ना कुणी काहीतरी ठरवलं होतं आणि त्या प्रत्येक निर्णयाची खूण बॉनेटवर दिसत होती.

पार्श्वभूमी

गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं. इथे बोअरच्या पाण्याने बादली भरून ठेवली की दोन दिवसांत कडेला पांढरं कडं धरतं. पिण्याचं गोडं पाणी नळाला येतं, पण उन्हाळ्यात ते रोज मिळेल याची खात्री नसते, म्हणून घरोघरी ड्रम भरून पुरवून वापरतात. पुढची सगळी गोष्ट या पाण्याभोवतीच फिरते, म्हणून हे आधी सांगितलं.

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावलेलं. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताम्हण, दिवा, सगळी तयारी झालेली. जावई पुण्याला नोकरीला. गडद निळ्या रंगाची नवी गाडी घेऊन पहिल्यांदाच सासरी आलेला. संध्याकाळी पोचल्यावर सासऱ्यांनी आग्रहाने गाडी वाड्यासमोरच्या वडाखाली लावायला सांगितली. त्यांचा विचार सरळ होता: सकाळी ऊन चढलं तरी गाडी सावलीत राहील.

वड मोठा, जुना आणि त्या दिवसांत लाल फळांनी लगडलेला. अशा वडावर दिवसभर हरियाल, कोकीळ, बुलबुल खायला येतात आणि दिवेलागणीला साळुंक्या-कावळ्यांचे थवे मुक्कामाला उतरतात. गावातल्या माणसाला हे माहीत असतंच, पण बैलगाडी किंवा ट्रॅक्टर तिथे लावताना कुणी त्याचा विचार करत नाही, करायची गरजही पडत नाही.

अडचण नेमकी काय होती

सकाळी छप्पर, बॉनेट, पुढची काच आणि डिकीचं झाकण, सगळीकडे डाग. काही पांढरे, चुन्यासारखे. काही तपकिरी-जांभळे आणि वडाच्या बारीक बियांनी भरलेले.

डाग का धोक्याचा, हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय कळतात. पक्षी आपल्यासारखी वेगळी लघवी करत नाहीत. शरीरातला नायट्रोजनचा कचरा ते युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात आणि शिटेतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः तेच. हे आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून बादलीभर पाणी भसकन ओतून डाग जात नाही आणि वळवाची एखादी सर आली तरी वाळलेला डाग तसाच राहतो. शिटेतल्या काळपट भागात बिया, वाळूचे कण, किड्यांचे कठीण तुकडे असतात. तो घासला की ओरखडे ठरलेले.

दुसरी बाजू उन्हाची. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा गडद रंगाचं बॉनेट उन्हात 70 अंशांच्या घरात तापतं. तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ होतो, फुगतो. त्यावर शीट वाळून आकसते. संध्याकाळी पत्रा निवला की थर त्या वाळलेल्या खपलीच्या खडबडीत आकाराभोवतीच घट्ट होतो आणि मेणावर शिक्का उमटावा तशी खूण राहते. आम्लाचा परिणाम आहेच, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही ताप-गारव्याची क्रिया जास्त झपाट्याने होते असा माझा अनुभव आहे. थंडीत दोन दिवस राहिलेला डाग कधी काही खूण न ठेवता निघतो. मे महिन्यात एक दुपार पुरते.

इथे गाडी वडाच्या पूर्वेला उभी होती. सासऱ्यांनी धरलेली सावली दुपारनंतरची. सकाळचं कोवळं आणि मग कडक होत गेलेलं ऊन थेट बॉनेटवर आलं.

दुपारपर्यंत जे घडलं

सात वाजता घरातल्या एका पोट्ट्याने सासऱ्यांचा दुपट्टा घेतला आणि बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यातला एक डाग कोरडाच खसाखसा पुसला. डाग गेला. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. तिरक्या उजेडात मी तो कोपरा नंतर पाहिला: गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं, मधोमध एक खोल रेघ. वडाची बी किंवा वाळूचा कण दुपट्ट्यात अडकून फिरला असणार. अख्ख्या गाडीवरचं सर्वांत मोठं नुकसान तेच निघालं.

जावयाने काचेवर वायपर फिरवला. पाण्याची टाकी रिकामी होती, त्यामुळे काचेवर आडवा पांढरा फराटा पसरला. काच कठीण असल्यामुळे तिला काही झालं नाही, पण वायपरच्या रबराच्या कडेला कचरा बसला.

मग कुणीतरी आणखी पुढे जाणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या, जवाईबापू. गाडी कुठी पळून नाई चालली." पूजा, ओवाळणी, जेवणाची गडबड यात सकाळचे चार-साडेचार तास गेले. बाकीचे डाग या वेळात कडक झाले. दुसरीकडे, याच वेळात कोणी आणखी कोरडं घासलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या आणि दोन्हींची नोंद घ्यायला हवी.

समोर आलेले पर्याय

बाराच्या सुमारास अंगणात चर्चा झाली. जावयाच्या साळ्याने ती मला फोनवर सांगितली.

पहिला पर्याय भांडी घासायच्या पावडरचा, तारेच्या घासणीसह. पावडरमध्ये घासणारे कण असतात. स्टीलला चालतात, क्लिअर कोटला नाही. हे मी ऐकताक्षणी थांबवायला सांगितलं.

दुसरा, रॉकेल. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टरचं ग्रीस रॉकेलने निघतं म्हणून सुचवलं. शीट तेलकट नसते, रॉकेलने ती सुटत नाही. उलट काळ्या प्लॅस्टिकवर आणि दरवाज्याच्या रबरावर रॉकेलचा तेलकटपणा पसरतो आणि त्यावर धूळ चिकटते. लिंबू-व्हिनेगरही नको, कारण डागात आधीच आम्ल आहे, वर आणखी कशाला.

तिसरा पर्याय मला सर्वांत गंभीर वाटला. घरात कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप होता. "त्यात पाणी भरून फवारलं तं बराबर निघन," असं साळा म्हणाला. पाणी कमी लागेल, दाब मिळेल, सोयीचं दिसतं. पण त्या टाकीत, नळीत, नोझलमध्ये कीटकनाशकाचा अंश राहतो, कितीही खंगाळलं तरी. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ज्या गाडीच्या हँडलला लहान मूल हात लावणार, त्या गाडीवर तो पंप चालवायचा नाही, हे मी ठामपणे सांगितलं. रंगाचं काय होईल हा प्रश्न त्यानंतरचा.

चौथा, गाडी तशीच चालवत माझ्याकडे आणायची. माझ्या धंद्याला हे बरं, पण भर दुपारी रस्ता कापायचा म्हणजे वरून ऊन आणि खालून इंजिनची गरमी. बॉनेट आणखी तापणार.

पाचवा, घरीच, सावलीत, ओल्या कापडाने डाग भिजवून उचलायचा. यात अडचण एकच, पाणी. बोअरच्या खाऱ्या पाण्यात क्षार इतके की तापल्या पत्र्यावर ते वाळलं की प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका बसतो, आणि तोही पुन्हा घासायचा मोह होतो. गोडं पाणी वापरायचं तर ड्रममधलं, प्यायचं. सासूबाईंनी स्पष्ट विचारलं, "गाडीसाठी प्यायचं पाणी सांडायचं का?" प्रश्न रास्त होता. मे महिन्यात आमच्याकडे पाइप लावून गाडी धुणं मलाही पटत नाही.

मार्ग त्यातूनच निघाला. डाग भिजवून उचलायच्या पद्धतीला पाइप लागत नाही, बादलीही लागत नाही. कापडं भिजतील एवढं पाणी पुरतं. अर्धी कळशी गोडं पाणी डागांसाठी आणि शेवटी थोडं पुसून घ्यायला, यावर घर राजी झालं.

प्रत्यक्ष केलेलं काम

मी पोचेपर्यंत थांबू नका, आत्ताच सुरू करा, असं फोनवरच सांगितलं. उन्हातला प्रत्येक तास थर कापत होता.

सुरुवात गाडी हलवण्यापासून. बैलांच्या गोठ्याचं पत्र्याचं छप्पर रिकामं होतं, तिथे गाडी नेली, बॉनेट उघडून ठेवलं आणि बोटांची मागची बाजू पत्र्यावर निवांत टेकवता येईपर्यंत वाट पाहायला लावली. तापल्या पत्र्यावर पाणी घातलं तर ते भिजवण्याआधीच उडून जातं. एवढीच पायरी लोकांना सर्वांत अवघड जाते. इथेही जावई मधेमधे उठून हात लावून पाहत होता.

कापड कुठलं, हा पुढचा प्रश्न. मायक्रोफायबर घरात नव्हतं. सासूबाईंनी धुऊन-धुऊन मऊ झालेलं जुनं सुती धोतर काढून दिलं. काठ फाडून वेगळा केला, हातभर तुकडे केले. टेरिकॉटचा शर्ट, बटणं, शिवण, जरतार असलेलं काहीही नको, हे आधीच बजावलं होतं.

वाळलेली शीट कोरडी खरवडू नये याचं आणखी एक कारण आहे. तिची भुकटी हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. पारव्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकससारखी बुरशी वाढते. काही पक्ष्यांपासून सिटॅकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराचा जंतू माणसाला लागू शकतो. धडधाकट माणसाला एखाद्या डागाने सहसा काही होत नाही, पण घरात दमेकरी आजी होती, तिला आणि पोराटोरांना आत पाठवलं. साळ्याने हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, नाकावर ओला रुमाल. ओल्या कामात भुकटी उडत नाही, तरी ही काळजी फुकटची आहे, तर घ्यावी.

मग प्रत्येक डागावर निथळतं कापड अंथरलं. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. दहा मिनिटांनी कडेने पुन्हा थोडं पाणी, पुन्हा दहा मिनिटं. मी पोचलो तेव्हा दुसरी फेरी चालू होती. बॉनेटवरच्या मोठ्या डागाचं कापड उचलून पाहिलं: वरचा पांढरा थर फुगून दह्याच्या निवळीसारखा सैल झालेला, पण खालचा बियांचा काळा गर अजून पत्र्याला धरून होता. इथे माणूस नखाने टोचतो. साळ्याचं नखही गेलंच होतं. "थांबा जी, अजून एक डाव ठेवा," म्हणून कापड परत घातलं. तिसऱ्या फेरीनंतर गर स्वतःहून सुटला. तो चिमटीत कापडाने वर उचलला, कापडाची घडी उलटवली, नव्या स्वच्छ बाजूने उरलेलं टिपलं. एक बाजू एकदाच. वापरलेली बाजू दुसऱ्या डागाला लावली तर तिथल्या बिया इथे घासल्या जातात.

युरिक आम्ल पाण्यात विरघळत नसताना पाण्याने डाग निघतो कसा, असं जावयाने विचारलं. पाणी सगळा गोळा फुगवतं, त्यातला चिकट भाग सैल करतं आणि पत्र्याशी असलेली पकड सोडवतं. विरघळायची गरजच पडत नाही. कोमट पाणी हे काम लवकर करतं, म्हणून शेवटच्या हट्टी डागांसाठी चुलीवर थोडं पाणी कोमट करून घेतलं. कोमटच, उकळतं नाही.

डाग उचलल्यावर मी सोबत नेलेला गाडीचा शाम्पू थोड्याशा पाण्यात घालून ती जागा मायक्रोफायबरने एका दिशेने पुसली, गोड्या पाण्याच्या कापडाने साबण काढला आणि लगेच कोरडी केली. कपड्यांच्या पावडरने हे केलं असतं तर राहिलेलं मेण निघून गेलं असतं आणि थर आणखी उघडा पडला असता. वायपरची पाती उचलून रबराची कडही ओल्या कापडाने पुसली. शेवटी पिशव्या आणि वापरलेली चिंध्यांची मोळी उकिरड्यात पुरली, सगळ्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

सासऱ्यांना तोवर वडाचाच राग आला होता. पूर्वेकडची फांदी तोडतो, घरटी पाडतो म्हणाले. त्या दिवसांत फांदीवर पिल्लं असण्याची दाट शक्यता, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची घरटी-अंडी नष्ट करणं गुन्हा आहे. हे सांगितलंच, पण माझं म्हणणं त्याहून साधं होतं: गाडी दहा पावलं सरकते, वड सरकत नाही. त्यांनी ते मानलं.

परिणाम

छप्पर आणि डिकीवरचे सगळे डाग खूण न ठेवता गेले. पत्रा तिथेही तापला होता, पण डाग छोटे आणि पातळ होते. काच स्वच्छ झाली. खिडकीखालच्या काळ्या प्लॅस्टिक पट्टीवर एक फिकट ठिपका राहिला. रंग न दिलेलं प्लॅस्टिक डाग पिऊन घेतं, त्यावर पॉलिश लावू नये.

बॉनेटवर तीन जागा उरल्या. दोन शिटेच्या खुणा, कडेला किंचित उंच आणि मध्ये मंद, बोटाला न जाणवणाऱ्या पण ट्यूबच्या उजेडात दिसणाऱ्या. तिसरी दुपट्ट्याची.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना जावई माझ्या सेंटरवर थांबला. इथे खरा निर्णय होता. मशिनने कटिंग कंपाउंड मारलं तर तिन्ही खुणा बहुतेक गेल्या असत्या, पण कंपाउंड म्हणजे क्लिअर कोटचाच वरचा थर खरवडणं. नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षात तो थर खर्च केला तर पुढे खऱ्या गरजेला काय उरणार? पॅनेल रंगवायचा विचारही निघाला. आमच्याकडचं रंगकाम उघड्या शेडमध्ये होतं, धूळ बसते आणि कारखान्यातल्या भट्टीत पक्का झालेला रंग एकदा गेला की तसा परत येत नाही. विकताना गिऱ्हाईक बॉनेटच्या रंगातला फरक आधी पाहतं. दोन खुणांसाठी हे करू नये, असं मी त्याला सांगितलं.

हातानेच, बारीक फिनिशिंग पॉलिशने, आधी एका कोपऱ्यात करून पाहिलं. एक खूण गेली, दुसरी निम्मी फिकट झाली. दुपट्ट्याचं जाळं बरंच विरलं. मधली खोल रेघ राहिली. तिथेच थांबलो आणि वर मेणाचा थर दिला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी आदल्या संध्याकाळची. पाखरं मुक्कामाला उतरताना आवाज येतोच, आणि झाडाखालची जमीन पांढरी ठिपकेदार असेल तर ती खात्रीची खूण. गोठ्याचं छप्पर तेव्हाही रिकामंच होतं. सावली निवडताना सकाळी ऊन कुठून येईल हेही पाहायला हवं होतं.

दुसरी संधी सकाळी सातची, आणि मला सर्वांत हळहळ तिचीच वाटते. पत्रा तेव्हा रात्रीचा गार होता, डाग अर्धवट ओले होते. त्या वेळी धोतराचे चार ओले तुकडे अंथरून मंडळी चहाला गेली असती तर चहा होईतो काम झालं असतं. सासूबाईंचा पाहुणचार आणि गाडीची काळजी यात काही भांडण नव्हतं. भिजवण्याला माणूस उभा राहावा लागत नाही, कापड राहतं.

गाडीचं कव्हर घातलं असतं तर? घरच्यांनी हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला. स्वच्छ गाडीवर, वारा नसताना, हो. पण लांबच्या प्रवासाची धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर चढवलं आणि मे महिन्यातलं रात्रीचं वादळ सुटलं, तर कव्हर रात्रभर फडफडत तीच धूळ रंगावर घासत राहतं. त्यापेक्षा चार बांबूंवर, गाडीला न टेकणारी ताडपत्री बरी. शेतकऱ्याच्या घरी ती असतेच.

जावयाच्या गाडीत आता पाण्याची फवारणी बाटली आणि दोन मायक्रोफायबर कापडं असतात. रस्त्यात डाग दिसला की तो सावली पाहून थांबतो, भिजवतो, पुढच्या चहापर्यंत तसंच ठेवतो. राहिलेल्या निम्म्या खुणेवर आणखी पॉलिश मारू का, असं त्याने नंतर फोनवर विचारलं होतं. मेणाचा थर दर काही महिन्यांनी देत राहा आणि खुणेला हात लावू नका, हेच मी सांगितलं.